डॉक्टरांना कुठल्या तोंडाने सांगू?

“औषध परवडत नाही, हे डॉक्टरांना कुठल्या तोंडाने सांगू?” हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणांनी विचारलाय की आता ‘झोप लागत नाही’ म्हणून आलेल्यालाही मी औषधांच्या खर्चाचं आवर्जून विचारते.

चाळिशी ओलांडलेल्या एक बाई आल्या होत्या. रक्तदाब, चिडचिड, घरातली कमाई निम्म्यावर आलेली. बऱ्याच भेटींनंतर हळूच म्हणाल्या, “मी गोळी एक दिवसाआड घेते. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवते.”

“डॉक्टरांना माहितेय?”

“नाही. रक्तदाब आटोक्यात येत नाही म्हणून त्यांनी आणखी एक गोळी वाढवली.”

“कुणाचा येत नाही? रोज गोळी घेणाऱ्या बाईंचा, की एक दिवसाआड घेणाऱ्या बाईंचा?”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे डॉक्टर भलत्याच बाईवर उपचार करतायत. आणि पैसे मी भरतेय!”

हे मी सांगितलं असतं तर त्यांना टोचलं असतं. त्यांचं त्यांना सापडावं म्हणूनच मी थांबले होते आणि त्या थांबण्याचं मला आजही समाधान आहे.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मानते, म्हणजे त्रास देणारा विचार खरा आहे का हे तपासून तो बदलायचा. विचार बदलल्याने पैशाची अडचण मिटत नाही. मिटते असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पण ‘पैसे नाहीत म्हटलं तर माझी किंमत राहणार नाही’ हा विचार तपासता येतो. बाईंचं तोंड त्यानेच बंद केलं होतं.

हलाखीतला आजार हा बेशिस्तीचा दोषही नव्हे. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ साली सुरू झाला. त्यात हुद्दा जितका खालचा, तितकं हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जास्त आढळलं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही तो फरक पुरता उलगडला नाही.

बाईंनी एकच वाक्य कागदावर लिहून नेलं: “पैशांमुळे मी गोळ्या रोज घेत नाहीये, स्वस्तात काही बसेल का?” डॉक्टरांनी वाढवलेली गोळी काढली, जुनंच औषध जेनेरिकमध्ये, म्हणजे ब्रँडच्या नावाशिवाय स्वस्तात मिळणारं, लिहून दिलं आणि ते रोज घ्यायला सांगितलं.

तुम्हीही तपासण्यांबद्दल विचारा: यातली आत्ताच करायला हवी अशी कोणती, थांबू शकेल अशी कोणती? रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक (खर्चाच्या मदतीची वाट दाखवणारे) असतील तर त्यांना भेटा. आणि तोवर स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, अर्धीही करू नका. काही गोळ्या पोटात सावकाश विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. मोडल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं. रक्तदाबाची काही औषधं अचानक थांबवली तर तो एकदम चढतो.