हायब्रिड गाडीला घरचा प्लग: पाऊण युनिटाच्या बॅटरीचा हिशेब

नमस्कार भाऊ. भुसावळहून जळगावला रोजचे येऊन-जाऊन सुमारे ५० किलोमीटर, गाडी टोयोटाची स्ट्राँग हायब्रिड हायरायडर (पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटरही असलेली आणि काही वेळ केवळ विजेवर चालणारी), आणि एक विक्रेता पावणेतीन लाखांत ५ युनिटांची जादा बॅटरी डिकीत बसवून द्यायला तयार आहे, जी रात्री घरी चार्ज करता येईल. ती बसवावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत ‘बसवू नये’ असे आहे, पण नुसत्या मताने आपले समाधान होणार नाही, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो.

आपल्या गाडीतील मूळ बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासाची, म्हणजे महावितरणच्या मीटरवर जेमतेम पाऊण युनिटाची आहे. ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा क्षणभर धरून ठेवायची आणि गाडी उठताना परत द्यायची, एवढेच तिचे काम. (साध्या ‘स्मार्ट हायब्रिड’ गाड्यांत वीज इंजिनाला फक्त हातभार लावते, त्या केवळ विजेवर चालतच नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी हा प्रश्नच उद्भवत नाही.)

जादा बॅटरीची कल्पना खोटी नाही. २००४ साली कॅलिफोर्नियात कॅलकार्स या गटाने टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीमध्ये साध्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या भरून ती प्लगवर चार्ज करून दाखवली. पुढे हायमोशन एल-५ नावाचे ५ युनिटांचे लिथियम किट आले. त्याचे वजन सुमारे ८५ किलो आणि किंमत १०,००० डॉलरच्या आसपास होती. अशी किटे मूळ बॅटरीला समांतर जोडली जात आणि ‘बॅटरी भरलेली आहे’ असे गाडीच्या संगणकाला भासवत, त्यामुळे तो इंजिनाला जास्त वेळ विश्रांती देई. मात्र संगणक फसला तरी यंत्र फसत नाही. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास वेग गेला की जनरेटरच्या फेऱ्यांची मर्यादा सांभाळण्यासाठी इंजिन फिरवावेच लागे, मग बॅटरीत कितीही वीज शिल्लक असो. आपल्या गाडीचे इंजिन ६८ किलोवॉटचे आणि मोटर ५९ किलोवॉटची असली, तरी दोघांची मिळून कमाल शक्ती ८५ किलोवॉटच आहे. म्हणजे मोटरची सगळी ताकद बॅटरीच्या जिवावर वापरण्याची या गाडीची रचनाच नाही. महामार्गावर ट्रकला ओलांडताना इंजिन जागे होणारच.

आता पैशांचे बघू. ५ युनिटांपैकी ४ वापरता येतील आणि एका युनिटात साडेसहा किलोमीटर जातील, असे धरले तर रोज २६ किलोमीटर विजेवर होतील. लिटरला २० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरून सुमारे १३५ रुपये वाचतील, त्यातून विजेचे ५० वजा होतील. वर्षाला ३०० दिवस गाडी चालली तर २५,००० रुपयांच्या आसपास बचत, म्हणजे पावणेतीन लाख फिटायला अकरा वर्षे लागतील. मूळ हायब्रिड बॅटरीची कंपनीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची आहे आणि अशा जोडकामानंतर त्या हमीवर वाद ओढवेल, हा तोटा मी अजून धरलेलाही नाही.

तिसरी बाजू आपल्या हवेची आहे. माझ्याकडे काही वर्षे जुनी प्रियस होती. तिच्या बॅटरीला थंड करणारा पंखा मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून गाडीच्या आतलीच हवा ओढतो. कापसाच्या हंगामात माझे जिनिंगवर जाणे-येणे असे, आणि त्या जाळीत धूळ व कापसाची तूस इतकी बसली की मे महिन्यात पंखा विमानासारखा आवाज करू लागला; पाठोपाठ बॅटरीचे दोन मॉड्यूल गेले. ही तर कारखान्याने हवेचा मार्ग नीट आखून दिलेल्या बॅटरीची गत. डिकीत, कदाचित स्टेपनी काढून तिच्या जागी कोंबलेली बॅटरी ४५ अंशांच्या उन्हात उभ्या गाडीत काय सोसेल, याचा विचार करावा. अमेरिकेत २००८ साली अशीच रूपांतरित प्रियस जळाली, तेव्हा तपासात दोष विजेच्या सांध्यांच्या चुकीच्या जोडणीचा निघाला होता. दोनशे व्होल्टच्या आसपासचा डीसी प्रवाह नेणारा सांधा सैल राहणे म्हणजे काय, हे आपल्या गावच्या कोणत्याही चांगल्या वायरमनला विचारावे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ रचनेत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. रेट्रोफिट किटसाठी, म्हणजे तयार गाडीत नंतर बसवायच्या अशा संचासाठी, एआयएस १२३ हे मानक आहे. किटला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र हवे आणि आरसी बुकात बदलाची नोंद हवी. म्हणून विक्रेत्याला एवढेच विचारा, की आपल्या याच मॉडेलसाठीचे प्रमाणपत्र आहे का, आणि जळगावच्या आरटीओत नोंद करून देण्याची जबाबदारी तो लेखी घेईल का. विमा कंपनीलाही आधी पत्राने कळवा, कारण अपघातानंतर सर्व्हेअर सर्वांत आधी डिकीच उघडेल.

घरी चार्ज करण्याचीच हौस असेल, तर रोजच्या ५० किलोमीटरला जुनी, लहान, पूर्ण विद्युत गाडी बघा. तिला १५ अँपिअरचा प्लग आणि चांगले अर्थिंग पुरते, आणि हायरायडर लांबच्या प्रवासाला मोकळी राहते.