कॉलेज फुटबॉलचा हंगाम नव्याने पाहणाऱ्यांसाठी
अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये एखाद्या संघाचा हंगाम समजून घ्यायचा असेल, तर जय-पराजयांच्या आकड्यांआधी त्याचे वेळापत्रक वाचावे. वरच्या विभागातही नियमित हंगामात साधारण १२च सामने असतात आणि सुरुवातीला दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवर मिळवलेले मोठे विजय (मला तरी ते सरावासारखेच वाटतात) फारसे काही सांगत नाहीत. खरी पारख कॉन्फरन्समधील (संघ ज्या गटात खेळतो त्या गटातील) सामन्यांत, विशेषतः परक्या मैदानावर होते. हंगामापूर्वीच्या क्रमवारीवर विसंबू नये. ६ विजयांनी संघ सहसा बाउल सामन्यास (नियमित हंगामानंतरच्या खास सामन्यास) पात्र ठरतो. २०२४च्या हंगामापासून प्लेऑफमध्ये (विजेतेपद ठरवणाऱ्या बाद फेरीत) ४ऐवजी १२ संघ घेतले जात असल्याने एका पराभवाने आशा सोडण्याचे कारण उरलेले नाही. मात्र तो पराभव कोणाकडून झाला, हे निवड समिती बारकाईने पाहते.