उंची कमी, दहावी तोंडावर आणि कोरियाचा एजंट

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, कोल्हापुरात पेठेतल्या संघाकडून फुटबॉल खेळतो, मिडफिल्डला. उंची पाच फूट तीन इंच. दक्षिण कोरियाचा माजी फुटबॉलपटू पार्क जी-सुंग त्याचा देव. एक एजंट चार लाखांत कोरियन क्लबच्या अकादमीत घालतो म्हणतोय. शाळा सोडवून पाठवू का?

उत्तर : पैसे देऊ नका. १८ वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबकडे नोंदणी करायला फिफाची, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेची, बंदी आहे. अपवाद मोजके आहेत. उदाहरणार्थ, आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. ‘कोणत्या अपवादाखाली नोंदणी होणार ते लेखी द्या,’ एवढंच एजंटला म्हणा. बहुतेक वेळा फोन तिथेच बंद होतात.

आता पार्क. शाळेत तो अंगानं किरकोळ होता आणि व्यावसायिक क्लबांनी त्याला घेतलं नाही. मग त्यानं म्योंगजी विद्यापीठात प्रवेश घेतला आणि तिथून २००० मध्ये थेट मोठ्या लीगला नाही, तर जपानच्या क्योटोला गेला. त्याच वर्षी संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, पुढच्या वर्षी परत वर आला. २००३ मध्ये हॉलंडचा पीएसव्ही, २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड. कोरियन तरुणांना लष्करी सेवा सक्तीची असते. २००२ च्या विश्वचषकात कोरियाचा संघ उपांत्य फेरीत गेला म्हणून त्याला सूट मिळाली, नाहीतर ही साखळी मध्येच तुटली असती. पीएसव्हीत सुरुवातीला घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती, हे मुलाला जरूर सांगा.

तो खूप पळायचा, हे सगळेच सांगतात. पण कुठे पळायचा? १० मार्च २०१०, युनायटेड विरुद्ध एसी मिलान. बॉलकडे न बघता फक्त पार्ककडे बघत हा सामना मुलासोबत पाहा. मिलानचा खेळ रचणाऱ्या पिर्लोला पास मिळण्याआधीच पार्क त्याच्या अंगाशी आलेला असतो. युनायटेड ४-० जिंकलं, त्यातला एक गोल पार्कचाच.

तुमच्या मुलाची कसोटीही इथेच आहे. पुढच्या सामन्यात कडेला उभे राहा आणि पास पायाशी येण्याआधी तो खांद्यावरून मागे किती वेळा बघतो, ते दहा मिनिटं मोजा. आधी बॉल घेऊन मग मान वळवत असेल, तर तोवर बचावपटू पाठीवर आलेला असतो, आणि उंची खरी नडते ती तेव्हा. ही सवय लागते. त्यासाठी उंची वाढायची वाट बघायला नको.

शाळा सोडवू नका. दहावी होऊ द्या, मग राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या बघा. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव प्रबोधिनीतूनच पुढे आला. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरची जन्मतारीख आताच जुळवून घ्या. वय पडताळणीत मुलं अडकतात ती इथेच.

शेवटचं गुडघ्यांचं. पार्कच्या गुडघ्यावर २००७ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. २०१४ मध्ये ३३ व्या वर्षी तो निवृत्त झाला तोही गुडघ्यापायीच. मुलाचा सराव आणि सामने मिळून आठवड्याला १५ तासांच्या वर जाऊ देऊ नका. वाटीखालचा हाडाचा उंचवटा दाबून बघा. दुखत असेल तर वाढीच्या वयातला ताण असू शकतो. उड्या आणि कडक मैदानावरचं पळणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.