वाचक विचारतात : स्वतंत्रपूरचे फ्रीडमन

प्रश्न : ताई नमस्कार, मी आटपाडी तालुक्यात शाळेवर आहे. स्वतंत्रपूरची खुली जेल एका ज्यू माणसानं काढली असं गावातली जुनी मंडळी सांगतात. हा कोण, अलिबागकडच्या बेने इस्रायलींपैकी का? आणि यमाईच्या औंधात त्याचं कसं काय जमलं? पोरांना सांगायचंय.

उत्तर : नाही सर, कोकणातल्या शनवार तेल्यांपैकी, म्हणजे बेने इस्रायलींपैकी नाहीत, हे थेट पोलंडचे. मॉरिस फ्रीडमन, वॉर्साच्या गरीब ज्यू घरातले, शिकून इंजिनिअर झालेले, १९३० च्या दशकात बंगळुरूच्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि औंधच्या राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांच्या ओळखीनं इकडे पोचले. तेव्हा आटपाडी औंध संस्थानातच होती.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता लोकांकडे द्यायचं ठरवलं, जानेवारी १९३९ मध्ये तशी घटना लागू केली, गावची पंचायत हा तिचा पाया. श्रेय सगळं गांधीजींना दिलं जातं आणि त्यांचा सल्ला होताच, पण मसुद्यात फ्रीडमन यांचा हात मोठा, ते आपल्याकडे कुणी बोलतच नाही! (राजांचंही कौतुकच म्हणा, कुठला राजा असा आपणहून खाली उतरतो.) स्वतंत्रपूर त्याच सुमाराचं. कैद्याला कोंडायचं नाही, बायकापोरांसकट जमीन कसायला द्यायची, भोवती तटबंदी नाही, पळायचं तर रान मोकळं. त्या काळी हे ऐकून लोकांनी कपाळावर हात मारला असेल.

आता धर्माचं. प्रवचनं झोडणारा माणूस नव्हता हो हा. गांधीजी, रमण महर्षी, कृष्णमूर्ती सगळ्यांकडे गेले, भारतानंद नाव घेतलं, वांडा डायनोव्स्का या पोलिश बाईंबरोबर आपले ग्रंथ पोलिशमध्ये नेण्याचं काम केलं, आणि उतारवयात मुंबईत खेतवाडीला निसर्गदत्त महाराजांच्या माळ्यावर जाऊन बसायचे. महाराज म्हणजे विडीचं दुकान चालवलेला माणूस, बोलायचे अस्सल मराठीत. ती संभाषणं फ्रीडमन यांनी इंग्रजीत आणली, १९७३ ला पुस्तक निघालं आणि मग जगभरातनं लोक त्या गल्लीत यायला लागले. पोलंडच्या ज्यूनं मराठी वेदान्त जगाला वाचायला दिला, सर्वधर्म वगैरे विषयावर पोरांना याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही. १९७६ ला मुंबईतच गेले.

फक्त एक सांगते सर, त्यांना 'गोरा साधू' करून भाषण ठोकू नका, पोरं पेंगतील. जेलपासनं सुरुवात करा, पोरांना तेच आवडेल. सहल काढणार असाल तर औंधला डोंगरावरचं भवानी म्युझियम दाखवा, तेही बाळासाहेबांचंच, आणि स्वतंत्रपूरला न्यायचं तर आधी जेल खात्याची लेखी परवानगी काढा. आणि ती जुनी मंडळी आहेत ना तुमच्या गावात, त्यांचं बोलणं पोरांकडून मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, या दिवाळीच्या सुट्टीतच घ्या.