अमेरिकेत केबलच्या बिलावर 'फ्रँचाइझ फी' आणि 'पेग फी' कशासाठी लावतात?

केबल कंपनीच्या वायरी गावाच्या रस्त्यांखालून, खांबांवरून जातात ना, फ्रँचाइझ फी म्हणजे त्याचं भाडं समजा. 1984 च्या केबल कायद्यानुसार गाव किंवा शहर कंपनीच्या केबल टीव्हीच्या कमाईवर जास्तीत जास्त 5 टक्के फी घेऊ शकतं, आणि कंपनी ती सरळ आपल्या बिलात टाकते. म्हणजे टीव्हीचं बिल 80 डॉलर असेल तर साधारण 4 डॉलर. इंटरनेटच्या बिलावर ही लागत नाही हां.

आता गंमत अशी की हे पैसे गावाच्या लोकल टीव्ही चॅनलला द्यायलाच पाहिजेत असं काही नाही, बरीच गावं देतात, काही ठिकाणी ते नगरपालिकेच्या तिजोरीत जाऊन रस्त्याचे खड्डे बुजवायला वापरले जातात. पेग (PEG, म्हणजे लोकांचे, शाळांचे आणि सरकारी लोकल चॅनल) फी वेगळी, ती 5 टक्क्यांच्या वर घेता येते पण कॅमेरा, लाइट, एडिटिंगचं सामान असल्या खरेदीसाठीच, पगाराला सहसा नाही. त्यामुळे मी आमच्या इथल्या स्टुडिओत जातो तिथे कॅमेरे एकदम चकाचक आणि ते चालवायला दीड माणूस, बाकी आम्ही फुकट काम करणारे. टाऊन मीटिंग, शाळेच्या मॅचेस, दिवाळीचा कार्यक्रम, सगळं तिथूनच.

खरी पंचाईत म्हणजे लोक केबल कापून स्ट्रीमिंगवर चाललेत आणि स्ट्रीमिंगवाले ही फी भरत नाहीत, त्यात 2019 ला एफसीसीने (टीव्ही-फोनवर देखरेख करणारी अमेरिकन सरकारी संस्था) असंही म्हटलं की कंपनीने गावाला दिलेल्या बऱ्याचशा फुकट सेवासुद्धा त्याच 5 टक्क्यांत धरा. मॅसॅच्युसेट्समध्ये स्ट्रीमिंगवरही फी लावायचं विधेयक मांडलं गेलंय. माझ्या मते लावावी, वायर तर तीच आहे.