बेटकास्टिंग रीलची बांधणी आणि टॉलरन्स दुकानातल्या दुकानात कसे ओळखावेत? जास्त बेअरिंग असलेलीच रील घ्यावी का?

नाही. बेअरिंगच्या आकड्यावरून रील निवडू नका. (नवख्यांसाठी: बेटकास्टिंग रील म्हणजे गळाची दोरी गुंडाळणारं यंत्र, आणि दोरी ज्या आडव्या फिरकीवर गुंडाळली जाते तो स्पूल. टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक.)

माझी उमेदीची वर्षं भोसरीत टूलरूममध्ये गेली. बोअर (आरपार भोक), शाफ्ट, फिट, रनआउट (फिरताना होणारं वाकडेपण) हाच धंदा. आणि आमच्या घरात गळाच्या बाबतीत शेवटचा शब्द दाजींचा. त्यांचा सिद्धांत असा, की 'बेअरिंग मोजायची, बाकी सगळी जाहिरात.' मेव्हण्याने दाजींना उलट उत्तर द्यायचं नसतं, म्हणून मी ऐकून घ्यायचो.

त्यांनी ऑनलाइन एक रील मागवली. 'दहा अधिक एक' बेअरिंग, म्हणजे दहा बॉल बेअरिंग आणि एक हँडल उलट फिरू न देणारी. कंपनीचं नाव सांगत नाही. बोटाने स्पूलला टिचकी मारली की बराच वेळ फिरत राहायचा, आणि दाजी तो फिरणारा स्पूल येईल-जाईल त्याला दाखवायचे. मग आम्ही बाणकोटच्या खाडीत गेलो. पाणी उतरत होतं, कांदळवनाच्या कडेला त्यांना जिताडा लागला, आणि चांगला लागला. ड्रॅगने (दोरी अडवत अडवत सोडणाऱ्या ब्रेकने) काम केलं, मासा थांबला, आता ओढायचा. हँडल अर्धा फेरा फिरलं आणि आतून करकर. पुन्हा जोर, पुन्हा करकर. गिअरचा दात उडी मारतोय हे मला दोन हात लांबूनही आवाजावरून कळलं. तेवढ्यात मासा मुळांत शिरला आणि ब्रेड (विणलेली दोरी) कापली गेली. दाजी म्हणाले, "तेल कमी पडलं रे."

रील मी मागून घेतली आणि घरी उघडली. गंमत म्हणजे बेअरिंग उत्तम होती, एकही खरखरत नव्हती. मेन गिअरला ब्लू (दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग) लावलं, पिनियन (त्याला जुळणारा छोटा गिअर) जागेवर बसवला आणि हलक्या हाताने फिरवलं, तर निळा डाग दाताच्या जवळपास पूर्ण रुंदीवर. म्हणजे मोकळ्या हाताला सगळं ठीक. मग स्पूल अंगठ्याने दाबून धरला आणि हँडलवर जोर दिला. साइड प्लेट आणि फ्रेमच्या सांध्यात बारीक काळी रेघ उघडली. आता डाग फक्त दाताच्या कडेला, एक तृतीयांश सुद्धा नाही. प्लेट वाकत होती, दोन गिअरमधलं अंतर वाढत होतं आणि दात टोकावर एकमेकांना भिडत होते. कॅटलॉगमध्ये ज्याला 'ग्रॅफाइट' म्हणतात, ते बहुतेक वेळा तंतू घातलेलं नायलॉन असतं. त्यात महागडी बेअरिंग ठोकणं म्हणजे खिळखिळ्या चौकटीला पितळी कडी लावणं. बेअरिंगचा एबेक ग्रेड (अचूकतेचा दर्जा) सुद्धा फक्त त्या बेअरिंगपुरता असतो. ती ज्या बोअरमध्ये बसते तो बोअर वाकडा असेल तर ग्रेड काय करणार?

हे दाजींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग अकरा बेअरिंगची घ्यायला हवी होती."

त्यांच्यासाठी एक जुनं उदाहरण देतो. स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावात १९२१ मध्ये घड्याळांचा कारखाना निघाला, तिथे पुढे टॅक्सीचे मीटर बनले आणि मग रील. तीच आबू ही रीलची कंपनी. त्यांच्या अँबॅसेडर ५००० मध्ये स्पूलला बॉल बेअरिंग नव्हती, साधे बुश (गोळ्यांशिवायच्या नळ्या) होते. हँडल उलट थोडं हलायचं, कारण अँटी-रिव्हर्स (हँडल उलट फिरू न देणारी अडवण) रॅचेटची, म्हणजे दातेरी चाकाची होती. पण पितळी गिअर आणि ताठ फ्रेम. पन्नाशी उलटलेल्या त्या रील आजही लोक वापरतात.

आता तुमचा प्रश्न. टिचकी मारून स्पूल किती वेळ फिरतो ते मोजू नका. त्यात तेल किती पातळ आणि टेन्शन नॉब (स्पूलवरचा दाब कमी-जास्त करणारा) किती सैल एवढंच कळतं. त्याऐवजी क्लच (स्पूल मोकळा करणारं बटण) दाबून स्पूल फिरवा आणि उजेडाकडे धरून स्पूलची कड व फ्रेम यांच्यातली फट बघा. ती फट लहानमोठी होत असेल तर रनआउट आहे. हे का महत्त्वाचं? ३४ मिमी व्यासाचा स्पूल, म्हणजे परीघ साधारण १०७ मिमी. लूर (नकली आमिष) सेकंदाला २० मीटर वेगाने सुटली तर स्पूल मिनिटाला ११,००० हून जास्त फेरे घेतो. त्या वेगाला थोडंसं वाकडेपण सुद्धा हाताला थरथर म्हणून जाणवतं. त्याच फटीत ब्रेडचा तुकडा सरकवून बघा. पीई (जाडीचा जपानी क्रमांक) २ नंबरची ब्रेड ०.२३५ मिमीच्या आसपास असते. ती सहज आत गेली तर एक दिवस कास्ट करताना, म्हणजे गळ फेकताना पण जाणार, आणि शाफ्टला गुंडाळली जाणार.

मग ड्रॅग पूर्ण आवळा, स्पूल अंगठ्याने दाबा, हँडलवर जोर द्या आणि सांधा बघा. रेघ उघडली तर रील खाली ठेवा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे.

पिनियनला दोन्ही टोकांना बेअरिंगचा आधार आहे का, हेही विचारा. शिमानो त्याला एक्स-शिप म्हणते. हा एकच प्रकार आहे जिथे बेअरिंग कुठे आहे याला मी मान देतो.

नवी रील थोडी जड फिरली म्हणून नाकारू नका, ग्रीस घट्ट असतं. स्पूल आडवा अगदी किंचित हलला तरी घाबरू नका, नॉबने तो प्ले बसतो. शून्य प्ले म्हणजे दर्जा, हे बाजारातलं खूळ आहे. आणि तुम्ही धरणावर दहा ग्रॅमच्या लूरने मरळ मारणार असाल तर हलकी नायलॉनची फ्रेमही काही वर्षं निभावते, माझा सगळा राग खाडीतल्या माशांसाठी आहे. खाऱ्या पाण्यात वापरलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने हळू धुवा, नळाची धार मारू नका, पाणी मीठ घेऊन आत शिरतं.

बेअरिंग किती, हे तरीही विचारायचंच असेल तर आमच्या दाजींना विचारा. त्यांनी नवी रील घेतली आहे. तेरा अधिक एक.