वायरलेस चार्जिंग आलं तर उंदरांचा त्रास जाईल का?

तुम्ही विचारलंय की इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जरची वायर उंदरांनी दोनदा कुरतडली, तर वायरलेस चार्जिंगवाली गाडी येईपर्यंत थांबावं का. भाऊ, थांबू नका. त्यातही गाडीखाली जमिनीवर जी चार्जिंगची पाटी ठेवतात, तिला भिंतीपासून वायर आणावीच लागते. वाचते ती शेवटची हात-दीड हात. उंदराला बाकीची पुरते.

मी यवतमाळकडे मोटारी रिवाइंड करतो. आमच्या धंद्यात वायर न जोडता वीज पोचवायचं हे तत्त्व जुनंच आहे. गावच्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, 11 हजार व्होल्टची गुंडाळी आणि घराकडे वीज देणारी गुंडाळी एकमेकींना जोडलेल्या नसतात, मधल्या लोखंडी गाभ्यातून चुंबकत्व काय ते जातं. वायरलेसमध्ये एक गुंडाळी (कॉइल) पाटीत, दुसरी स्कूटरला, आणि मध्ये लोखंडाच्या जागी हवा, म्हणून तिथे घरच्या विजेच्या 50 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 50 हेलकाव्यांवर, भागत नाही. आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजने सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेसोबत 1.5 किलोवॅटचा वायरलेस चार्जर बनवलाय, तो 88 किलोहर्ट्झपर्यंत चालतो. 2025 मध्ये त्याचं तंत्रज्ञान उत्पादनासाठी दिलं गेलं. घरचीच 230 व्होल्ट सिंगल फेज लागते आणि दोन कॉइलमध्ये 12.5 सेंटिमीटर अंतर असताना कार्यक्षमता साधारण 89.4 टक्के. काम झकास आहे, वादच नाही.

पण कॉइल समोरासमोर हव्यात. आपण गाडी लावतो सारवलेल्या छपरीत, साइड स्टँडवर, कलती. कॉइल सरकली की वीज कमी पोचते. मध्ये एखादा खिळा किंवा बंडीचा वॉशर पडला तर तो तापतो. आणि ओलिताच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या की मी मीटरवर 170 व्होल्ट पाहिलेत. त्याचा इलाज त्या पाटीत नाही.

आधी मीही एक्स्टेंशन बोर्डावरच चार्ज करायचो. एका रात्री जळका वास आला. उठून पाहतो तर सॉकेटची पकड सैल झालेली, प्लगचं प्लास्टिक वितळून त्याला चिकटलेलं. ओढूनही निघेना, मेन स्विच पाडून पक्कडीने काढलं.

तेव्हा मीटरपासून वेगळी लाइन घ्या: जाड तांब्याची वायर, जीआय पाइपातून, स्वतंत्र एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच) आणि 16 ॲम्पियरचं सॉकेट. चार्जरची वायर काम झालं की उंच खुंटीला, तुरीच्या पोत्यांपाशी नको. आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. काळी माती भेगाळली की अर्थिंग नावापुरतं उरतं.